हिरडी वाचायला शिका: आरसा, टॉर्च आणि ब्रश घेऊन

“डॉक्टर, त्या बाजूने रक्त यायचं, म्हणून तिकडे घासणंच बंद केलं.”

दवाखान्यात रोज कुणी ना कुणी मला हे सांगतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. बोट कापलं की आपण बोट जपतो, पाय मुरगळला की त्यावर भार देत नाही. हिरडीही तशीच जपावी असं वाटणं साहजिक आहे, पण हिरडीच्या बाबतीत हा हिशोब उलटा पडतो. जिथून रक्त येतं तिथेच मऊ ब्रश नीट पोचायला हवा असतो, आणि नेमका तिथेच आपण तो पोचू देत नाही. मग सूज वाढते, रक्त वाढतं, धास्ती वाढते आणि काही वर्षांनी भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात हलल्यासारखा वाटतो.

असं का होतं हे कळायचं तर हिरडी दाताला कशी बिलगलेली असते ते आधी बघायला हवं. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा स्वतःच्या तोंडात पाहिलेलं पक्कं लक्षात राहतं, म्हणून हा लेख शक्यतो आरशासमोर वाचा.

तयारी

एक आरसा, मोबाइलचा टॉर्च आणि गाल बाजूला धरायला स्टीलचा चमचा एवढं पुरे. हात साबणाने धुवा. सकाळी दात घासण्यापूर्वी बघितलंत तर जास्त कळेल, कारण रात्रभर साचलेला जंतूंचा मऊ थर तेव्हा जागेवर असतो. खिडकीजवळचा उजेड सगळ्यात चांगला, पिवळ्या दिव्याखाली सगळ्याच हिरड्या लाल भासतात. टॉर्च थोडा तिरपा धरा. सरळ समोरून मारला तर ओली हिरडी नुसती चमकते, तिचे उंचसखल भाग दिसत नाहीत.

पायरी १ : ओठ ओढा आणि सीमारेषा शोधा

खालचा ओठ दोन बोटांत धरून खाली ओढा. दातांच्या बुडाशी फिकट, घट्ट पट्टी दिसेल. तिच्याखाली लालसर, पातळ, चकचकीत कातडी असते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. दोन्हींमध्ये एक नागमोडी रेघ असते. आता ओठ हलकेच डावी-उजवीकडे हलवा. लाल भाग ओठाबरोबर हलतो आणि वरची फिकट पट्टी जागची हलत नाही.

ही न हलणारी पट्टी म्हणजे हाडाला आणि दाताच्या मुळाला घट्ट चिकटलेली हिरडी. चावताना घास तिच्यावर घासतो, ब्रश घासतो, ओठ-गाल सतत ओढत असतात. हे सगळं सोसता यावं म्हणून तिचा वरचा थर तळव्याच्या कातडीसारखा टणक केलेला असतो. वरच्या पुढच्या दातांशी ही पट्टी साधारण ४ मिलिमीटर रुंद असते, तर सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढेपाशी २ मिलिमीटरच्या आसपासच. म्हणून जोर लावून घासणाऱ्यांची हिरडी बहुतेक वेळा सुळा आणि उपदाढांपाशी आधी खाली सरकते. तुमची तिथे कशी आहे ते आत्ताच बघून घ्या.

टाळूच्या बाजूला अशी रेघ सापडणार नाही. तिथे हिरडी आणि टाळू एकमेकांत मिसळून गेलेले असतात.

पायरी २ : दाताला टेकलेली कड

आता नजर दाताच्या अगदी जवळ आणा. हिरडीची शेवटची मिलिमीटर-दीड मिलिमीटर कड दाताला चिकटलेली नसते, नुसती टेकलेली असते. सदऱ्याची कॉलर मानेला लागून असते पण शिवलेली नसते, तशी. निरोगी कड धारेसारखी पातळ असते आणि दाताच्या वळणाबरोबर वळते. तीच कड फुगीर, गोल, लोंबल्यासारखी दिसली तर तिथे सूज आहे.

कॉलर आणि मान यांच्यामध्ये जी बारीक खाच असते, ती या साऱ्या लेखाचा जीव आहे. निरोगी तोंडात डॉक्टरांच्या मापाने ती १ ते ३ मिलिमीटर खोल भरते. खाचेच्या तळाशी हिरडीच्या पेशी दाताच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटलेल्या असतात आणि त्याखाली तंतू मुळात रुतलेले असतात. पेशींचा आणि तंतूंचा हा जोड मिळून सरासरी २ मिलिमीटर भरतो.

हे २ मिलिमीटर इतके मोलाचे का, ते सांगते. आपल्या अंगावर कातडी सलग आहे. नखं, केससुद्धा कातडीतूनच उगवतात, कातडी फाडून बाहेर येत नाहीत. दात मात्र थेट हाडातून निघून, अस्तर भेदून बाहेर आलेला असतो, आणि तोही जंतूंनी गजबजलेल्या तोंडात. जंतू आणि हाड यांच्यामध्ये दाताभोवती फिरणारी ही बारीक मोहोर, म्हणजे सील, तेवढी असते. आयुर्वेदात हिरडीला दंतवेष्ट म्हणतात, म्हणजे दाताला वेढणारं. मला हा शब्द फार नेमका वाटतो. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा विकार मोजले आहेत, आणि त्यांतल्या शीतादाच्या वर्णनात अचानक येणारं रक्त, दुर्गंधी आणि मऊ पडलेली हिरडी आहे. आज खुर्चीत बसणारा रोगीही हेच सांगतो.

ही मोहोर जिवंत असते. तिच्या पेशी काही दिवसांतच बदलतात, हिरडीच्या बाहेरच्या टणक थरापेक्षाही लवकर. खाचेतून एक पातळ द्रव सतत झिरपत असतो आणि पांढऱ्या पेशी रक्तातून निघून पहाऱ्याला येत असतात. हे निरोगी माणसातही अखंड चालू असतं. सूज आली की द्रव वाढतो, पहारा वाढतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. दातावर बसवलेल्या कॅपची कड या २ मिलिमीटरच्या जोडात घुसली तर ती हिरडी कितीही साफ ठेवली तरी लाल आणि सुजलेली राहते. तुमच्या तोंडात बाकी सगळं छान असून एकाच कॅपभोवती वर्षानुवर्षं रक्त येत असेल, तर डॉक्टरांना कॅपची कड मुद्दाम बघायला सांगा.

पायरी ३ : दोन दातांमधला त्रिकोण

दोन शेजारच्या दातांमध्ये हिरडी टोकदार होऊन वर चढते. हा त्रिकोण जिथे दात एकमेकांना टेकतात तिथपर्यंत फट भरून काढतो, म्हणून तिथे अन्न अडकत नाही आणि बोलताना हवा फुसकन जात नाही.

बाहेरून दिसतो तो एक शेंडा, आतून जिभेच्या बाजूला दुसरा. दाढांमध्ये या दोन शेंड्यांच्या मधोमध, दात टेकतात त्याच्या बरोबर खाली, खोगिरासारखी खोलगट जागा असते. तिच्यावर टणक थर नसतो आणि ब्रशचा एकही केस तिथे जात नाही. हिरडीचे बहुतेक आजार दोन दातांच्या मधून सुरू होतात ते यामुळेच. समोरून आरशात सगळं गुलाबी दिसतं आणि मध्ये आग धुमसत असते.

त्रिकोणाची टोकं बोथट झाली आहेत का, शेंडा लाल मण्यासारखा फुगलाय का, की शेंडाच नाहीसा होऊन काळी फट दिसतेय, ते बघा. शेंडा टिकणं खालच्या हाडाच्या उंचीवर अवलंबून असतं. दात टेकतात तिथपासून हाडापर्यंतचं अंतर ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर फट जवळजवळ नेहमी भरलेली असते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात ६ मिलिमीटरला हे प्रमाण ५६ टक्क्यांवर आणि ७ मिलिमीटरला २७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. काळी फट दिसली की खालचं हाड खचलं असण्याची शक्यता धरायची ती म्हणून. दातांची ठेवण तिरकी असली तरी फट दिसू शकते, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका, दाखवून घ्या.

पायरी ४ : रंग आणि पोत

जाहिरातींनी आपल्या डोक्यात गुलाबी हिरडी भरवली आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या हिरड्यांवर तपकिरी, काळपट डाग किंवा पट्टे असतात. कातडीला रंग देणारं द्रव्यच तिथे असतं. तो आजार नाही, आणि घासून तो जात नाही. लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा असलेला काळसरपणा निश्चिंतपणे सोडून द्या. एकाच जागी नव्याने आलेला, वाढणारा डाग मात्र दाखवा.

काहींच्या हिरडीवर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या दिसतात. असल्या तर छान, नसल्या म्हणजे काही बिघडलं असं नाही, अनेक निरोगी माणसांत त्या नसतातच. पण पूर्वी असलेल्या खळ्या जाऊन हिरडी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर आत पाणी धरलंय असं समजा.

पायरी ५ : जे दिसत नाही ते

डोळे मिटा आणि दात हलकेच एकमेकांवर टेकवा. कितीसा दाब पडला ते तुम्हाला अचूक कळतं. भातातला बारीक खडा दाताखाली येताच जबडा कसा झटकन थांबतो ते आठवा. दाताच्या टणक भागाला स्पर्श कळत नाही, हे ज्ञान मुळाभोवतीच्या तंतूंचं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात हजारो तंतू आडवे-तिरपे ताणलेले असतात. त्यांचं एक टोक मुळाच्या सालीत, दुसरं हाडात. दात या तंतूंवर झोळीसारखा तोललेला असतो, म्हणून निरोगी दातही अगदी किंचित हलतो. हिरडीतही असेच तंतू असतात. काही दाताभोवती कड्यासारखे फिरतात, काही एका दाताच्या मुळातून निघून शेजारच्या दातात शिरतात. हिरडीची कड दाताला आवळून धरतात ते हेच.

म्हणजे दात धरून ठेवण्याचं काम हाड आणि तंतू करतात, आणि हिरडी त्या दोघांवर झाकण घालते. झाकण निकामी झालं की आतली मंडळी उघडी पडतात.

पायरी ६ : जीभ फिरवा, कीट शोधा

जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला न्या, हिरडीच्या अगदी लगत. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर उत्तम. खरखरीत लागलं, पायरीसारखा उंचवटा लागला, दोन दातांमधली फट जिभेला जाणवेनाशी झाली, तर तो कीट (टार्टर) आहे.

तिथेच का? जीभ वर उचलून आरशात बघा. जिभेखाली मधोमध दोन बारीक उंचवटे दिसतील. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तिथे उघडतात, कधीकधी जांभई देताना त्यांतून चिळकांडी उडते. आता चमच्याने गाल बाहेर ओढा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर असाच एक ठिपका दिसेल, ती कानाजवळच्या ग्रंथीची वाट. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं. दातावर न निघता राहिलेला जंतूंचा मऊ थर ते शोषून घेतो आणि काही दिवसांत दगडासारखा घट्ट होऊ लागतो. म्हणून खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही कीट धरण्याची ठरलेली ठिकाणं.

मऊ थर ब्रशने निघतो, कीट निघत नाही. घरी टोकदार काहीही घेऊन तो खरवडू नका.

रक्त कशाचं?

१९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा नीट सफाई सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या शास्त्राला या प्रयोगाने वळण दिलं. सूज थरामुळे येते, आणि थर गेला की सूज जाते, हे त्यातून स्पष्ट झालं.

होतं असं. कडेला थर साचला की शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवतं. केशवाहिन्या फुगतात, खाचेचं अस्तर पातळ आणि भेगाळ होतं. अशा वेळी ब्रशचा केस लागला की रक्त येतं. निरोगी हिरडीला मऊ ब्रशने रक्त येत नाही. म्हणजे ब्रशने जखम केली असं नसतं, जखम आधीच होती आणि ब्रशने ती दाखवून दिली. इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं.

थर महिनोन्‌महिने तसाच राहिला आणि अंगाचा पिंड तसा असला, तर पुढचा टप्पा येतो. खाचेच्या तळाचा जोड सुटून खाली सरकतो, तंतू तुटतात, हाड झिजतं. ३ मिलिमीटरची खाच ५, ६, ७ मिलिमीटरची होते. तिला आम्ही पॉकेट म्हणतो. या खोलीवर ब्रश पोचत नाही. आपल्याकडे ज्याला लोक पायोरिया म्हणतात तो हा, आणि बहुतेक वेळा तो दुखत नाही. दाढ किडली की माणूस रात्री झोपत नाही, हाड झिजताना मात्र शांत झोपतो. गेलेलं हाड बहुतांशी आपोआप भरून येत नाही, पण झीज थांबवता येते. प्रत्येकाची सूज या टप्प्यावर जातेच असं नाही. कुणाची जाईल हे मात्र नुसतं बघून आधी सांगता येत नाही, म्हणून रक्ताची पहिली खूण वाया घालवू नये.

पायरी ७ : ब्रश कडेवर कसा धरायचा

मऊ केसांचा, छोट्या डोक्याचा ब्रश घ्या. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होत नाहीत, हिरडी सरकते आणि दाताच्या मानेपाशी खाच पडते. पेस्ट वाटाण्याएवढी पुरते.

सगळी मख्खी कोनात आहे. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, हिरडीकडे तोंड करून, ४५ अंशांत तिरपे टेकवा. वरच्या दातांना केस वरच्या दिशेने, खालच्या दातांना खालच्या दिशेने. केसांची टोकं खाचेत किंचित शिरल्यासारखी वाटली पाहिजेत. आता ब्रश जागेवरच अगदी थोडा थोडा, थरथरल्यासारखा पुढे-मागे हलवा. दहापर्यंत मोजा. मग मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा न्या. दोन-तीन दातांचं झालं की पुढच्या दोन-तीनवर या. यातली ब्रश तिरपा टेकवून थरथरवण्याची पद्धत मांडली ती अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बास यांनी. ते दंतवैद्य नव्हते, वैद्यकाचे डॉक्टर होते.

ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा. जोर आपोआप कमी होतो. पंधरा दिवसांत ब्रशचे केस फुलासारखे पसरले तर तुम्ही फार जोर लावताय. एरवी तीन महिन्यांनी ब्रश बदलायचा.

सुरुवात कुठून करायची यावर माझा आग्रह आहे: खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने. तिथे ब्रश उभा धरून टाचेकडचे, म्हणजे दांड्याजवळचे, केस वापरा. बहुतेक जण समोरून सुरू करतात, दिसतं तेवढं घासतात आणि आतली बाजू येईपर्यंत तोंडात फेस मावेनासा होऊन चूळ भरतात. कीट धरणारी जागा रोज शेवटी येते आणि रोज सुटते. क्रम उलटा केलात की नुसत्या त्यानेच फरक पडतो. दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं कधी चुकवू नका, झोपेत लाळ कमी होते.

पायरी ८ : दोन दातांच्या मधे

ब्रशने ही जागा साफ होत नाही हे पायरी ३ मध्ये कळलंच. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस. हातभर दोरा घेऊन दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, करवतीसारखा हलवत सावकाश आत न्या, मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून कडेच्या आत जिथवर सहज जाईल तिथवर नेऊन वर-खाली घासा. मग तोच दोरा शेजारच्या दाताला. थेट खाली झटका देऊन हिरडी कापू नका.

फटी पडलेल्या असतील, हिरडी उतरलेली असेल, तर छोटा इंटरडेंटल ब्रश जास्त चांगला. तो फटीत किंचित घट्ट बसला पाहिजे, पण कोंबावा लागता कामा नये. एकाच तोंडाला दोन-तीन मापं लागतात.

पहिले चार-पाच दिवस रक्त येईल. येऊ द्या. हात हलका ठेवा आणि थांबू नका.

दातकोरणी रोज त्याच जागी खुपसत राहिलं की त्रिकोण दबून जातो. सेफ्टी पिन, काडेपेटीतली काडी, हेअरपिन यांबद्दल एवढंच सांगते की मी त्यांनी झालेली गळवं फोडली आहेत.

हिरडीवर काय लावू नये

मशेरीबद्दल आधी, कारण आपल्याकडे घरोघरच्या आज्या, आत्या, मावशा ती लावत आल्या आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती बोटाने हिरडीवर चोळली की निकोटीन अस्तरातून रक्तात जातं, म्हणून सकाळी ती लावल्याशिवाय “पोट साफ होत नाही”, डोकं हलकं वाटत नाही. ती तलफ असते, दातांची निगा नव्हे. जिथे चोळली जाते तिथली हिरडी खाली उतरते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्याच बोटाबरोबर तोंडात जातो. पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कायद्याच्या नजरेपलीकडे राहते. घरातल्या बाईला एका दिवसात सोडवणार नाही. ओरडू नका. तिच्या हातात मऊ ब्रश द्या, तलफ येते तेव्हा बडीशेप द्या आणि तिला तपासणीला घेऊन जा.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड हे खरबरीत असतं आणि दाताची मान झिजवतं. दाढ दुखते म्हणून हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं तर मुळीच नको. त्याने हिरडी भाजून पांढरी पडते. लवंगेचं तेल थेट ओतलं तरी तसंच पोळतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर करा: पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. थर मात्र गुळणीने निघत नाही. कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाला माझा विरोध नाही, टोक चावून कुंचल्यासारखं मऊ केलेलं असावं आणि आतल्या बाजूलाही पोचावं एवढंच.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश हे औषध आहे. सांगितलं तर साधारण दोन आठवडे घ्यायचं, पेस्टने घासल्यावर अर्ध्या तासाने. मनाने महिनोन्‌महिने घेतलं की दात तपकिरी होतात आणि चव बदलते.

पायरी ९ : दोन आठवड्यांनी

सातवी आणि आठवी पायरी मनापासून केलीत तर दोन आठवड्यांत रक्त थांबलं किंवा अगदी कमी झालं पाहिजे. तसंच राहिलं, कीट जाणवत असला, हिरडी उतरलेली असली, तोंडाला वास येत असला, गार पाण्याने सणक जात असली, तर दाखवायला जा. हिरड्यांचे खास डॉक्टर असतात, त्यांना पेरिओडोंटिस्ट म्हणतात. खर्चाची चिंता असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात त्यांचा वेगळा विभाग असतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे अशी महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि गोव्यात बांबोळीला.

तिथे एक बारीक, खुणा केलेली सळई खाचेत हलकेच सरकवून खोली मोजतात. प्रत्येक दाताला सहा जागी, म्हणजे २८ दातांना १६८ आकडे. “तीन, दोन, तीन” असं ऐकू आलं तर निर्धास्त राहा. चार आणि त्यावरचे आकडे कुठे आले ते विचारा आणि लिहून घ्या. पुढच्या वेळी त्याच जागचा आकडा कमी झाला का, यावरूनच उपचार लागू पडले की नाही ते कळतं.

स्केलिंगने, म्हणजे मशीनने कीट काढल्याने, दात सैल होतात ही समजूत मला रोज भेटते, आणि ती कुठून येते हेही मला दिसतं. हाड आधीच गेलेलं असतं आणि किटाचा दगडी पट्टा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. सुजलेल्या हिरडीने फटी झाकलेल्या असतात. कीट निघाला, सूज उतरली की झाकलेलं सगळं उघडं पडतं. फट मशीनने पाडली असं वाटतं, पण ती आधीपासून होती. नंतर काही दिवस गार लागेल, मग ते कमी होतं. चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मोजमाप होतं आणि जिथे पॉकेट उरलं असेल तिथलं पुढचं ठरतं.

रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये असे काही

माझ्या काकांनी चाळीस वर्षं विडी ओढली. त्यांच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी शिकत होते तेव्हा सुट्टीत घरी ओसरीवर बसवून त्यांचं तोंड पाहिलं. हिरडी फिकट, जाडसर, कोरडी. सळई घातली तर वरच्या दाढेपाशी ती जातच राहिली, ७ मिलिमीटरच्या खुणेपलीकडे. रक्ताचा एक थेंब नाही. धुरामुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद दबतो, इशारा बंद होतो आणि झीज चालू राहते. विडी-सिगारेट सोडल्यावर काही आठवडे रक्त जास्त दिसू शकतं. तेव्हा घाबरून पुन्हा सुरू करू नका, हिरडी जागी होत असते.

मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांची सूज साखरेलाही चढं ठेवते. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी सुमारे ०.४ टक्क्यांनी उतरल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात दिसलं आहे. साखरेच्या डॉक्टरांना हिरड्यांचं सांगा आणि दातांच्या डॉक्टरांना साखरेचं.

गर्भारपणात संप्रेरकांमुळे तेवढाच थर जास्त सूज आणतो. “दिवस गेले की दात खराब होतातच” म्हणून सोडून देऊ नका. सफाई गर्भारपणात सुरक्षित आहे, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, फिटची फेनिटॉइन आणि अवयवरोपणानंतरची सायक्लोस्पोरिन ही औषधं काहींच्या हिरड्या वाढवतात. गोळी मनाने बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना कळवा.

आणि या गोष्टींना दोन आठवड्यांची वाट बघू नका: हिरडीतून पू, तापासोबत गालावर सूज, काहीही न लागता आपोआप वाहणारं रक्त, अचानक सगळ्याच हिरड्या फुगून अंगावर काळेनिळे डाग. तंबाखू खाणाऱ्यांनी दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारं तोंड यातलं काहीही लगेच दाखवावं.

पायरी १० : फोटो

आज आरसा हातात आहे तोवर मोबाइलने चार फोटो काढून ठेवा: ओठ ओढून समोरचा, चमच्याने गाल धरून डावा आणि उजवा, आणि खालच्या पुढच्या दातांचा आतून. शेवटच्याला घरातल्या कुणाचा हात लागेल, आणि त्या निमित्ताने त्यांचंही तोंड बघून घ्या. तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात पुन्हा काढा आणि उपदाढांपाशी हिरडीची कड कुठे आहे ते दोन्ही फोटोंत शेजारी शेजारी ठेवून पाहा.